पाणी कुठवर येतं? पवनेकाठच्या एका बंगल्याची विक्री

पवना धरणाच्या काठचा हा बंगला मी एका वर्षात दोनदा बाजारात आणला आणि दोन्ही वेळा तोंडावर आपटलो. तिसऱ्या खेपेला तीन महिन्यांच्या आत साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, झालं. घर तेच, रस्ता तोच, मालक तेच आणि दलालही मीच. बदलला तो महिना, आणि महिन्याच्या आधी करायची कामं. मावळातल्या जमिनी-बंगल्यांचे व्यवहार हे माझं रोजचं काम, तरी हे कळायला मला एक अख्खं वर्ष घालवावं लागलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय.

मालकांची ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव सांगत नाही. ओट्यावर बसलं की पाण्यापलीकडे तुंग किल्ला दिसतो, एवढं पुरे. अकरा गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट, २००६ साली घेतलेला. त्यावर २००९मध्ये बांधलेला बैठा बंगला. सातबारावर दोन भावांची नावं. थोरले पुण्यात, बँकेतून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणतो. धाकटे न्यू जर्सीत. काकूंचे गुडघे गेल्यापासून तिकडे जाणं सुटलं होतं. राखणीला ठेवलेल्या गावातल्या मामांचा पगार आणि विजेचं बिल तेवढं नेमानं जात होतं. एप्रिल २०२४मध्ये काका माझ्याकडे आले. अपेक्षा एक कोटी पासष्ट लाखांची.

मी पंचांग काढलं. अक्षय्य तृतीया १० मेला. मुहूर्त साधणारं गिऱ्हाईक त्या दिवशी हमखास बाहेर पडतं, शाळांना सुट्ट्या असतात, पुण्या-मुंबईचा माणूस उकाड्यानं वैतागून पाण्याकाठची जागा शोधत असतो. हिशेब कागदावर चोख होता. १० मेला जाहिरात टाकली. १३ मेला मावळात लोकसभेचं मतदान आहे हे लक्षात होतं, पण त्यानं फार तर एक शनिवार-रविवार बुडेल असं वाटलं. तो बुडालाच, पण खरं दुखणं वेगळं होतं.

पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं. ऑगस्ट-सप्टेंबरात काठोकाठ भरलेलं धरण पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं असतं. त्यामुळे ऑक्टोबरनंतर पाणी हटायला लागतं ते हटतच राहतं आणि मे महिन्याच्या अखेरीला साठा पाव हिस्स्याच्या आसपास उरतो. भिंतीपाशी पाणी खोल असतं, तिथं हे फारसं जाणवत नाही. आमचा बंगला फुगवट्याच्या, म्हणजे बॅकवॉटरच्या, टोकाला, उथळ उतारावर. तिथं पातळी हातभर उतरली की पाणी पन्नास पावलं मागं जातं.

हिंजवडीतल्या एका आयटीवाल्या कुटुंबाला घेऊन गेलो तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे. सकाळचे अकरा. कुंपणापलीकडे भेगाळलेला गाळ, भेगा एवढ्या रुंद की चप्पल अडकावी. मधोमध एक होडी कलंडलेली, तिच्या सावलीत दोन कुत्री. तंबूवाल्यांनी टाकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या उन्हात चमकत होत्या आणि पाणी त्याच्याही पलीकडे, एका निळ्या रेघेएवढं. मी जाहिरातीत जुना, पावसाळ्यानंतरचा फोटो टाकला होता. त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी गेटपाशीच थांबली आणि म्हणाली, "आई, तळं कुठंय?"

आईबाबा हसले, मीही हसलो. व्यवहार तिथंच संपला होता. दर कमी असता तरी तो झाला नसता, कारण फोटो आणि जागा यांत एवढं अंतर पडलं की गिऱ्हाईक बाकीच्या गोष्टींवरही संशय घेऊ लागतं. रस्ता खरंच बारा महिने चालतो का, विहिरीला पाणी आहे का, कागद नीट आहेत ना. मे महिन्यात नऊ पार्ट्या आल्या. दोघांनी आकडा सांगितला, त्यातला मोठा एक कोटी पाच लाखांचा. तो सांगणारा गृहस्थ सरळ बोलला: "लेक व्ह्यूचे पैसे लेक असेल तर ना?"

त्या महिन्यातून हाती एकच गोष्ट लागली, आणि तीही ठरवून नव्हे. विक्रीच्या तयारीत मोजणीचा अर्ज भरला होता. भूमी अभिलेखचे भूकरमापक मेच्या शेवटच्या आठवड्यात आले. गवत वाळलेलं, झुडपं झडलेली, त्यामुळे धरणाच्या संपादित हद्दीचे दगड उघडे दिसत होते. पावसाळ्यात त्यातला एकही सापडला नसता. मोजणी झाली आणि काकांचा चेहरा पडला. पाण्याच्या बाजूचं तारेचं कुंपण प्लॉटच्या हद्दीबाहेर गेलं होतं, साधारण दीड गुंठा धरणाच्या जमिनीत. काकांनी हौसेनं घातलेला मांडव आणि दगडी बाक, जिथं बसून सगळे फोटो काढत, ते दोन्ही जलसंपदा विभागाच्या जागेत. कुणी लबाडी केली नव्हती. २००९मध्ये गवंड्यानं पाण्याचा काठ बघून कुंपण घातलं, एवढंच.

हा मुद्दा पाण्याकाठच्या प्रत्येक विक्रीत येतो आणि बहुतेक जण तो टाळतात. आपल्याकडे धरणाच्या काठचा प्लॉट पाण्याला टेकलेला नसतोच. पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे भरलेल्या धरणाचं पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या, वरपर्यंतची जमीन सरकारनं संपादित केलेली असते. मग येतो तुमचा प्लॉट. मधला पट्टा तुमचा नाही, शेजाऱ्याचाही नाही. पाणी हटलं की उघडी पडते ती गाळपेर जमीन, आणि ज्या गावकऱ्यांची शेतं त्या पाण्याखाली गेली त्यांचा तिच्यावरचा जीव कागदावरच्या हद्दीनं सुटत नाही. पवनेच्या धरणग्रस्तांचा पुनर्वसनाचा प्रश्न कैक वर्षं रेंगाळला, हे मावळात कुणालाही विचारा. त्यामुळे जाहिरातीत 'लेक टच' लिहिणं मी त्या दिवसापासून बंद केलं. 'पाण्यासमोर' लिहितो. फोन थोडे कमी येतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मांडव काढला, कुंपण आत घेतलं. बाक तिथंच सोडला. काका म्हणाले, "बसू दे कुणालाही."

मग पाऊस आला आणि आठ दिवसांत सगळं हिरवं झालं. काकांना धीर धरवेना. "आता बघा कसं दिसतंय, टाका जाहिरात." मलाही मोह झाला. जुलैच्या मध्याला पुन्हा टाकली. फोनचा पाऊस पडला, पण पावसाळ्यात मावळात येणारा माणूस घर बघायला येत नाही, भिजायला येतो. "रविवारी चक्कर टाकतोच आहोत, तेव्हा बघून जातो" असं म्हणणारे बारा जण मोजले. त्यातले चौघं खरंच आले, भजी खाऊन, ओले, बूट चिखलानं माखलेले. एकानं तर जेवायला चांगलं कुठं मिळेल एवढंच विचारलं.

त्यात ते वर्ष वाईट होतं. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच जणं वाहून गेली. त्यानंतर पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश, नाकाबंदी, शनिवार-रविवारी वाहनांच्या रांगा. कामशेतवरून यायला ज्याला एरवी पाऊण तास लागतो त्याला अडीच तास लागले तर तो जागा बघण्याआधीच 'नको' ठरवून येतो.

आणि बंगल्याचं म्हणाल तर जुलैमधलं बंद घर आपली सगळी दुखणी उघडी करतं. मागच्या खोलीचं दार उघडलं की ओलीचा वास नाकात बसायचा. गादीवर बुरशीचे करडे ठिपके. जेवणघराच्या छताला पाण्याचा डाग, तळहाताएवढा, दर खेपेला थोडा मोठा. पिंपरीचे एक कारखानदार खरंच घ्यायच्या तयारीनं आले होते. त्यांनी त्या डागाखाली बोट फिरवलं, बोटाला लागलेला चुना बघितला आणि रुमालाला पुसला. बोलले काहीच नाहीत.

ऑगस्टमध्ये मी जाहिरात काढून घेतली. काका नाराज झाले. त्यांच्या घरी जाऊन बसलो, काकूंनी पोहे केले, आणि पहिल्यांदा आम्ही वर्षाचा हिशेब शांतपणे मांडला. कधी विकायचं हा प्रश्न आम्ही एकच समजत होतो. तो दोन होता: कधी दाखवायचं आणि कधी तयारी करायची. मोजणी आणि हद्द उन्हाळ्यात. गळती कुठं आहे ते शोधणं पावसाळ्यात, कारण एरवी ती दिसतच नाही. दुरुस्ती पाऊस ओसरताना. फोटो पाणी काठोकाठ असताना आणि आभाळ उघडल्यावर. आणि गिऱ्हाईक आणायचं ते घरातली सगळी माणसं एकत्र असतात तेव्हा. दुसरं घर कुणी एकटा विकत घेत नाही. आजोबांना पायऱ्या चढवतील का, मुलांना पोहता येतं का, सुनेला इतक्या लांब आवडेल का, हे सगळं गाडीतच ठरतं.

पितृपक्ष १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर. या पंधरवड्यात घर बघायला कुणी फिरकत नाही म्हणून आमच्या धंद्यात तो मेलेला काळ समजतात. आम्ही तो कामाला लावला. पावसानं उघडीप दिली तसं गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकलं, आतून डागाची जागा खरवडून पुट्टी, रंग. गाद्या टाकून दिल्या. मामांनी गवत कापलं, पण पाण्याकडची पायवाट मी मुद्दाम तशीच ठेवायला सांगितली. खर्च दोन लाखांच्या आत झाला.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी पहाटे सहाला फोटो काढले. वारा नव्हता. तुंगाचा सुळका पाण्यात उलटा उभा, काठच्या खाचरांत इंद्रायणीचं भात निसवलेलं, लोंब्या नुकत्याच वाकायला लागलेल्या. दुपारी तीच जागा पांढरट, सपाट दिसते. फोटोत मांडव नव्हता, कारण मांडव आता नव्हताच, आणि मला वाटतं त्यानं फोटो बिघडला नाही.

३ ऑक्टोबरला, घटाला, जाहिरात टाकली. आकडा एक कोटी पंचावन्न. दसऱ्यापर्यंत, म्हणजे १२ तारखेपर्यंत, सहा कुटुंबं येऊन गेली. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि माझ्या पोटात गोळा आला. आचारसंहितेत नाक्यानाक्यावर गाड्या तपासतात, रोकड घेऊन फिरणारी मंडळी घरात बसतात. पण झालं उलटंच. 'अर्धे वरून देतो' म्हणणारे गळाले आणि उरले ते चेकनं पैसे देणारे. ज्या व्यवहारात एक भाऊ परदेशात आहे तिथं मला दुसरं गिऱ्हाईक चाललंही नसतं.

दिवाळीत, पाडव्यानंतरच्या आठवड्यात, चिंचवडचं एक डॉक्टर जोडपं आलं. सोबत डॉक्टरबाईंचे सासरे आणि दोन मुलं. दुसऱ्या वेळी ते मला न सांगता शनिवारी रात्री येऊन गेले. पलीकडच्या काठावर तंबूवाल्यांचा डीजे किती वाजेपर्यंत चालतो ते ऐकायला. मला हे मामांकडून कळलं आणि ही माणसं घेणार याची खात्री पटली. ज्याला खरंच घ्यायचं असतं तोच दोष शोधायला परत येतो.

तिसऱ्या भेटीत काकाही होते. ओट्यावर चहा चालला होता, पाणी कुंपणापासून चाळीस पावलांवर. बाईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "मे महिन्यात इथं काय दिसतं?"

मी मोबाइलमधले मेचे फोटो काढून दिले. भेगा, कलंडलेली होडी, निळी रेघ. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा करून बघितला, मग नवऱ्याकडे दिला. बराच वेळ कुणी बोललं नाही.

"पाणी किती लांब जातं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीनशे पावलं," काका म्हणाले. "आमचा नातू मोजायचा. खालच्या अंगाला वाघेश्वराचं जुनं देऊळ आहे, तेही उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं. आम्ही मुलांना घेऊन दर्शनाला जायचो."

बाई म्हणाल्या, याआधी तीन जागा बघितल्या, सगळीकडे पाणी बारा महिने जागचं हलत नाही असं सांगितलं. मग मी मोजणीच्या नकाशाची क प्रत समोर ठेवली, कुंपण का आत घेतलं ते सांगितलं, बाक आपला नाही हेही सांगितलं. दराची घासाघीस व्हायची ती झालीच. एक कोटी अठ्ठेचाळीसवर हात मिळवले. मे महिन्यातल्या आकड्यापेक्षा त्रेचाळीस लाख जास्त. हे सगळे ऑक्टोबरचे पैसे आहेत असं मी म्हणणार नाही. त्यात गच्ची आहे, मोजणी आहे आणि मे महिन्यात आम्ही किती उतावळे दिसत होतो तेही आहे. पण त्या फोटोंनी मेमध्ये व्यवहार मोडला आणि नोव्हेंबरमध्ये जमवला, हे मी डोळ्यांनी बघितलं.

पुढचा भाग कागदांचा, आणि तिथंही महिन्यानं साथ दिली. न्यू जर्सीचे भाऊ नाताळच्या सुट्टीत येणार होते. ते इथं असताना साठेखत नोंदवायचं आणि अंतिम खरेदीखतासाठी काकांच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचं असं ठरवलं. तिकडून करून पाठवायचं म्हटलं तर ते प्रमाणित करून घेणं, इथं पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरणं, हे सगळं मागं लागतं. दुसरी गोष्ट कराची. विकणारा भारतात राहणारा असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापतो. विकणारा अनिवासी असेल तर भांडवली नफ्याच्या दरानं कापावा लागतो, आणि आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नाही तर तो त्याच्या हिश्शाच्या पूर्ण रकमेवर कापला जातो. दाखल्याला वेळ लागतो म्हणून सौदा ठरताच अर्ज केला. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पानंतर जुन्या मालमत्तेवर साडेबारा टक्के किंवा महागाईचा निर्देशांक धरून वीस टक्के, यातलं सोयीचं निवडण्याची मुभा मिळाली ती फक्त निवासी माणसाला. म्हणजे एकाच घराच्या दोन भावांचे हिशेब वेगळे. काकांच्या सीएंनी हे दोघांना एकत्र बसवून समजावलं ते बरं झालं, नाहीतर भाऊबंदकीला एवढंही पुरतं.

साठेखत डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वडगाव मावळला नोंदवलं. खरेदीखत फेब्रुवारी २०२५मध्ये. घेणाऱ्यांना मार्चच्या आत उरकायचं होतंच. ज्यांवरून मुद्रांक शुल्क ठरतं ते सरकारी बाजारमूल्याचे दर १ एप्रिलला बदलतात. दोन वर्षं ते जागेवर होते, या वेळी वाढणार अशी कुजबुज होती, आणि १ एप्रिल २०२५ला ते खरंच वाढले. ऑक्टोबरला सुरुवात करण्याचा हा आणखी एक फायदा. गिऱ्हाईक डिसेंबरात सापडलं तरी कर्ज, सर्च रिपोर्ट (मालकीच्या कागदांची तपासणी), जाहीर नोटीस हे सगळं मार्चच्या गर्दीआधी बसतं. फेब्रुवारीत बाजारात उतरणाऱ्याला ही सवड नसते, शिवाय तोवर काठाला तपकिरी पट्टा दिसायला लागलेला असतो.

हा ऑक्टोबर सगळ्या पाण्यांना लावू नका. खडकवासला लहान, जेमतेम दोन टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं), पण त्यात वरून पानशेत-वरसगावचं पाणी सोडत राहतात, म्हणून तिथला काठ उन्हाळ्यातही इतका उघडा पडत नाही. पानशेत-वरसगावला मात्र पवनेसारखाच प्रकार, किंबहुना जास्त. मुळशीचं पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्राकडे जातं, त्यामुळे तिथल्या पातळीचं गणित विजेशी बांधलेलं. ठाण्या-पवईच्या तलावासमोरच्या फ्लॅटला यातलं काहीच लागू नाही, तिथं पाण्यापेक्षा मजला बघतात. आणि समोरचा बिल्डर किंवा रिसॉर्टवाला असेल तर महिना विसरा. तो मोजणीचा नकाशा आणि रस्त्याची रुंदी बघतो, आणि भाव पाडायला मुद्दाम मेमध्येच येतो.

नाताळ ते २ जानेवारी मी आता कुठलीच पाण्याकाठची जागा दाखवत नाही. तंबू, गाणी आणि पोलीस यांच्यामधून गिऱ्हाईक नेण्यात अर्थ नसतो.

मे २०२५च्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरबाईंचा व्हॉट्सॲप आला. फोटोत गाळ, त्यावर धाकटा मुलगा उभा. खाली लिहिलं होतं: "पाणी २४० पावलांवर. कोपऱ्यातला हद्दीचा दगड सापडत नाहीये, पावसाआधी मामांना पाठवा."